सहाला निजणाऱ्या कोंबड्या आणि सातला घरी येणारा माणूस

मागच्या वेळी खुराड्यातल्या पिसवांवर लिहिलं होतं, वाटलं आता महिनाभर पिसवाच पिसवा, पण या खेपेला आलेले प्रश्न बघितले तर निम्म्याहून जास्त झोपेचे. थंडी पडली की हे होतंच. नव्या वाचकांना सांगून ठेवतो, मी डॉक्टर-बिक्टर नाही. ठाण्यात बाळकुमला जुन्या घराच्या मागच्या दारी अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी आमचं खुराडं तिथंच आहे, त्यामुळे सांगतो ते बघून सांगतो, थोडं वाचून.

प्रश्न : दादा नमस्कार. मी दिघ्याला राहतो, तुर्भ्याला ड्युटी. मे-जूनमध्ये सातला घरी आलो की माझ्या सहाही कोंबड्या गेटपर्यंत धावत यायच्या, पिशवीत काय आणलंय बघायच्या. दिवाळीनंतर मी त्याच लोकलने त्याच टायमाला येतो तर सगळ्या आत झोपलेल्या, हाक मारली तर एखादी कुर्र करते आणि परत गप. बायको म्हणते तुमच्यावर रुसल्यात. पण एवढं झोपणं बरं का? सकाळी सातपर्यंत धरले तर तेरा तास होतात. आजारी तर नाहीत ना?

उत्तर : रुसल्या नाहीत हो, तुमची लोकल घड्याळावर चालते आणि कोंबडी उजेडावर, एवढीच भानगड आहे. आपलं ठाणं-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला, त्यामुळे २१ जूनच्या आसपास आपला दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि २१-२२ डिसेंबरला जेमतेम अकरा तासांचा. जुलैच्या सुरवातीला सूर्य मावळतो सात-वीसला, आणि नोव्हेंबर संपता संपता सहाला. म्हणजे जूनमध्ये तुम्ही गेट उघडता तेव्हा अंगणात लख्ख दिसत असतं, आणि आता उघडता तेव्हा काळोख पडून अर्धा तास झालेला असतो. संधिप्रकाशही आपल्याकडे फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत कारभार आटोपतो.

आता कोंबडीचं डोळ्याचं गणित आपल्या उलटं आहे. रंग तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतात, आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तिच्या चार, आपल्याला न दिसणारा अतिनील उजेडही ती बघते, पण अंधार पडला की जवळजवळ आंधळी. म्हणून ती अंधार पडायची वाट बघत नाही, त्याच्या आधीच उंच जागा पकडते. एखाद्या रविवारी साडेपाचला खुर्ची टाकून बसा आणि बघा, मी कितीदा बघितलंय तरी परत बघतो. आमच्याकडे आधी सगळ्यांचं चरणं एकदम वाढतं, अधाशासारख्या टिपतात, मग चंद्री नावाची थोरली कोंबडी दारात जाऊन उभी राहते, आत डोकावते, परत बाहेर येते, दोन दाणे टिपते, परत जाते. असं तीन-चारदा. मग ती चढली की बाकीच्यांची लोकलमधल्या सीटवरून होते तशी ढकलाढकल, मधली जागा मानाची, लहान तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, कडेला, एखादीला टोच बसतो, ती खाली पडते, परत चढते, आणि दहा मिनिटांत सगळं चिडीचूप.

बरं, उजेड कळायला तिला नुसता डोळाच लागतो असंही नाही. कवटीतून आत झिरपणारा उजेड मेंदूच्या आतल्या पेशींना थेट कळतो. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये जॅक बेन्वा या शास्त्रज्ञाने बदकांवर हे दाखवलं होतं, डोळे नसलेल्या बदकांनाही दिवस मोठा झाल्याचं कळत होतं. म्हणजे दिवस किती तासांचा आहे याचा हिशेब ती डोक्यानेच ठेवते, अगदी शब्दशः.

तेरा तास म्हणताय, तर तेवढा वेळ त्या खुराड्यातल्या दांडीवर असतात, तेवढा वेळ झोपलेल्या नसतात. थंडीतल्या लांब रात्री मध्येच जाग्या होतात, पाय बदलतात, शेजारणीला सरकवतात, पुटपुटतात. आमची आजी म्हणायची कोंबऱ्या रातीच्या गजाली करतात, म्हणजे गप्पा, तेच हे. काळजी झोपेची नको, पोटाची करा. संध्याकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी जेवढी भरेल तेवढ्यावर रात्र काढायची, आणि तुम्ही सातला दाणे घेऊन येता तेव्हा त्यांची पंगत उठून तास झालेला असतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कुणाला तरी सांगून पाच ते साडेपाचच्या मध्ये मूठ-मूठ मका नाहीतर ज्वारी पडेल असं बघा. बायको रुसल्या म्हणतेय ना, तिलाच सांगा, तिच्यावर रुसायच्या नाहीत.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा. संक्रांतीला बघाल तर संध्याकाळी त्या पंधरा-वीस मिनिटं उशिरा चढतील पण सकाळी खाली उतरायलाही उशीर करतील, कारण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. दिवस वाढायला लागला तरी सकाळ मात्र मागेच. तेव्हा परत पत्र पाठवू नका, आत्ताच सांगितलं.

प्रश्न : मी करावे गावात राहते. गेल्या आठवड्यात सकाळी दहाच्या उन्हात आमची तांबडी कोंबडी एका कुशीवर पडलेली, एक पंख पसरलेला, पाय ताणलेला, डोळे मिटलेले. मी किंचाळलेच. धावत गेले तर उठून झटकन पळाली. मे महिन्यात दुपारच्या आंब्याखाली सगळ्या अशाच पडून असायच्या, तेव्हा वाटलं ऊन लागतंय म्हणून. दिवसाची झोप रोगाची असते ना हो?

उत्तर : ताई, पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण किंचाळतो, मीही शेजाऱ्याला हाक मारली होती आणि आमच्याकडे त्याचा अजून जोक होतो. ती ऊन खात होती. पंख पसरून ऊन घेतात, मातीत लोळतात, आणि त्या ऊबेत डोळा लागतो. कोंबडीला वामकुक्षी लागतेच, फक्त तिची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. थंडीत रात्र लांब, झोप बऱ्यापैकी भरलेली, दिवस लहान आणि त्यातच पोट भरायचं, म्हणून दुपारी फारशा पडत नाहीत, पडल्या तर सकाळच्या कोवळ्या उन्हात पाच-दहा मिनिटं. एप्रिल-मेमध्ये रात्र दोन तासांनी लहान, त्यात खुराड्यात उकाडा, सहाला उजाडतं म्हणून साडेपाचपासून चुळबूळ, मग राहिलेली झोप दुपारी बाराच्या पुढे सावलीत. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी चरायचं, मधे आडवं व्हायचं, आपल्या गावच्या माणसांचं चालायचं तसंच, ऑफिस लागलं आणि आपलंच बंद झालं.

पण मेच्या दुपारी एक फरक मात्र बघत जा. झोपलेली कोंबडी सैल असते, चोच मिटलेली, पिसं जागच्या जागी. चोच उघडी, गळा धापतोय, पंख अंगापासून लांब धरलेत, तर ती झोप नव्हे, ती तापलीय. कोंबडीला घाम येत नाही, ती धापून धापूनच अंग निववते, अशा वेळी सावली, गार पाणी, जमिनीवर थोडं शिंपडणं. आणि तिसरा प्रकार म्हणजे आजारी. ती कोपऱ्यात एकटी, पिसं फुगवून, मान खाली घालून, तुरा फिका नाहीतर काळपट, हिरवट-पांढरं हगते, तुम्ही जवळ गेलात तरी उठत नाही. तुमची तांबडी झटकन पळाली ना, मग झालं तर. न पळणारी असेल तर मात्र घरगुती हळद-बिळद करत न बसता सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या, मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असेल तर बाकीच्याही जातील.

पिल्लं असतील तर त्यांचं अजून वेगळं, ती दिवसभर थोडं चरतात, आईच्या पंखाखाली घुसतात, परत बाहेर. चालता चालता उभ्या उभ्या पेंगून चोचीवर पडणारं पिल्लू बघितलं नसेल तर बघा, टीव्ही बंद कराल.

प्रश्न : खारघरला रो-हाऊस आहे, आठ आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या. ऑक्टोबरपासून अंडी आठावरून तीनवर आलीत, पिसं पण झडतायत. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, त्यात सांगतात थंडीत सोळा तास लाईट द्या, अंडी चालू राहतात. खुराड्यात बल्ब लावू का? लावला तर त्या झोपणार कधी?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात हेच मला आवडलं. व्हिडिओ खोटा नाही, पण तो कुठल्या गावचा ते बघा. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षा कमी आणि जूनमध्ये साडेसोळाच्या वर, म्हणजे पावणेनऊ तासांचा फरक, तिथली कोंबडी थंडीत दुकानच बंद करते. आपल्याकडे सव्वादोन तासांचा फरक. भरपूर अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो हे पोल्ट्रीवाले पाळतात ते खरं आहे, आपल्याला डिसेंबरात अकरा आणि पुढचा-मागचा संधिप्रकाश धरून बारा मिळतात, त्यामुळे अंडी कमी होणार, पण थांबणार नाहीत.

पिसं झडतायत म्हणजे दिवस लहान होताना त्या जुनी पिसं टाकून नवी घालतायत. हा कार्यक्रम दोन-तीन महिने चालतो आणि पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोटीन, मग अंड्याला उरणार काय? या दिवसांत बल्बपेक्षा ताट सुधारा. मी सुकट किंवा जवळा दोनदा धुवून मीठ काढून देतो, घरात वास सुटतो आणि त्यावरून बोलणी खातो, पण कोंबड्या खूश.

तरी बल्ब लावायचाच असेल तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. हे मी माझ्या चुकीवरून सांगतोय. पाच-सहा वर्षांपूर्वी असाच अंड्याच्या हावेपायी रात्री नऊपर्यंत बल्ब ठेवायचो, त्या आपल्या खाली टिपत बसायच्या, आणि एक दिवस आठला लाईट गेली. अंधार एकदम. बॅटरी घेऊन गेलो तर चार जणी दांडीवर, बाकी सगळ्या जिथं होत्या तिथं उभ्या, एकीने तर पाय उचललेला तो तसाच. दिसतच नव्हतं ना त्यांना. एकेकीला उचलून वर ठेवली. पहाटे लावला तर बल्ब विझतो तेव्हा बाहेर उजाडलेलं असतं, अशी फजिती होत नाही. उजेडही कितीसा, खाली पेपरातली ठळक अक्षरं वाचता येतील एवढा पिवळा बल्ब पुरे, आणि टायमर लावून दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवायचा, एकदम नाही. एकूण चौदा तासांवर थांबा. युरोपात अंड्याच्या कोंबड्यांसाठी १९९९ साली नियम केला त्यातही दिवसाचा साधारण तिसरा भाग, म्हणजे आठ तास, सलग अंधार द्या असं आहे. झोप मोडलेली कोंबडी चिडकी होते, एकमेकींची पिसं उपटते. माझं विचाराल तर आठ कोंबड्यांसाठी बल्ब लावूच नये, घरापुरती तीन अंडी रोज मिळतायत, फेब्रुवारी-मार्चला दिवस मोठा व्हायला लागला की त्या आपणहून सुरू होतील.

जाता जाता, रोजचं अंडं रोज उशिरा का पडतं तेही कुणीतरी विचारलंय. अंडं तयार व्हायला पंचवीस-सव्वीस तास लागतात आणि दिवस चोवीस तासांचा, म्हणून आज आठला, उद्या नऊच्या पुढे, असं सरकत दुपार गाठली की मध्ये एक दिवस खाडा. तिची चूक नाही, हिशेबच जुळत नाही.

प्रश्न : कोपरखैरण्याला गावठाणात घर. मागे बांधकाम चालू झालंय, रात्रभर मोठा हॅलोजन आमच्या वाड्याकडे तोंड करून. आमचा कोंबडा आता रात्री अडीचला आरवतो, कोंबड्या बाराला खाली उतरून चरतात आणि दिवसा पेंगतात. समोरच्या सोसायटीवाले म्हणतात कोंबडा कापा. गटारीला तो वाचला, आता यांच्यामुळे जाईल. काय करू?

उत्तर : कापू नका. तुमच्या कोंबड्याचं काही चुकलेलं नाही. जपानात नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रयोग करून दाखवलं की कोंबडा उजाडलेलं बघून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं आणि त्या घड्याळाने तो उजाडायच्या साधारण दोन तास आधी सुरू करतो, खोलीत सतत मंद उजेड ठेवला तरी जवळजवळ रोजच्या वेळेला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपण म्हणतो, तर इथं तांबडं झाकलं तरी कोंबडं आरवायचं राहत नाही. त्याच लोकांनी नंतर बघितलं की चार कोंबडे असतील तर पहिली बांग सगळ्यांत वरचढ कोंबड्याची, बाकीचे त्याच्या मागून, मानपान आहेच. पण हे अंगातलं घड्याळ रोज बाहेरच्या उजेडाशी लावून घ्यावं लागतं, आणि त्यात गाडीचे हेडलाईट नाहीतर दुसऱ्या कोंबड्याची बांग, यानेही तो मध्येच आरवतो. तुमच्याकडे रात्रीच दिवस उगवलाय, मग घड्याळ लावायचं कशाशी?

हॅलोजनचं तोंड फिरवायला सांगा. आमच्याकडे टॉवरचं काम चालू होतं तेव्हा मीही असाच भांडायला गेलो होतो, इंजिनियर आधी हसला, कोंबडीची झोप म्हणे. मग मी त्याला रात्री अकराला घरी चहाला बोलावलं, खुराडं दाखवलं, उजेडात सगळ्या डोळे किलकिले करून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी दिवा फिरला. सगळीकडे असा माणूस भेटेलच असं नाही, म्हणून खुराड्याची त्या बाजूची जाळी जाड ताडपत्रीने किंवा जुन्या गोधडीने बंद करा, मात्र वरची वीतभर पट्टी दुसऱ्या बाजूला उघडी ठेवा, वारा हवा, कोंडलं तर वासाने आजारी पडतील. कोंबड्याला मधल्या अंधाऱ्या खणात ठेवा आणि सकाळी साडेसहालाच ताडपत्री काढा. आठ-दहा दिवस द्या. पहाटे पाचला तो आरवेलच, ते काही मी थांबवू शकत नाही, सोसायटीवाल्यांना सांगा पाचला त्यांच्या पाण्याचा पंपही चालू होतो.

प्रश्न : मी कळव्याला राहते, सातवीत आहे. मामाकडे कोंबड्या आहेत. मामा म्हणतो कोंबडी एक डोळा उघडा ठेवून झोपते. खरं आहे का? आणि ती दांडीवरून पडत कशी नाही?

उत्तर : मामा खरं सांगतोय. पक्ष्यांना मेंदूचा अर्धा भाग झोपवून अर्धा जागा ठेवता येतो, जागा भाग ज्या डोळ्याचा तो डोळा उघडा. अमेरिकेत १९९९ साली बदकांवर बघितलं, रांगेत कडेला झोपलेली बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवत होती, आणि तोही बाहेरच्या बाजूचा, राखण करायला. मधल्यांना निवांत झोप. आता कळलं ना मधल्या जागेसाठी भांडण कशाला असतं? येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांना तर हे सांगायला नको, तिथं मुंगूस, उदमांजर काय काय येतं.

दांडीवर ती उभी नसते, बसलेली असते, पाय पोटाखाली, बोटं पिसांत झाकलेली, म्हणून तोल जात नाही. मामाला सांग दांडी दीड-दोन इंच रुंद ठेव, पाइप नको, गुळगुळीत असतो. आणि तू एक काम कर, मामाकडे गेलीस की दुपारी पेंगणारी कोंबडी गुपचूप बघ, तिची पापणी आपल्यासारखी वरून खाली येत नाही, खालची वर येते. हळूहळू, शटर उलटं लावल्यासारखी. मधेच मान एकदम खाली जाते आणि लगेच वर येते, ती तिची स्वप्नांची झोप, काही सेकंदांचीच असते. आपल्यासारखी अर्धा-अर्धा तासाची स्वप्नं तिला परवडत नाहीत.

प्रश्न : (घोडबंदर रोड, हे जुलैपासून पडून होतं, माफ करा) पावसात चारलाच काळे ढग आले की आमच्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसतात, मग सर थांबली की बाहेर. असं दिवसातून दोनदा झोपणं चालतं का?

उत्तर : झोपत नाहीत, फसतात. अंधारलं की चढायचं एवढंच ठरलेलं. उजाडलं की उतरतील. तुम्ही फक्त दार लावून टाकू नका.

प्रश्न : ऐरोलीहून. मानमोडीची लस द्यायची आहे, दिवसा हाताला लागत नाहीत. किती वाजता पकडू?

उत्तर : सूर्य मावळल्यावर तासाभराने. डिसेंबरात सातला जमतं, जूनमध्ये साडेआठपर्यंत थांबायला लागतं. दिसत नसल्यामुळे बसलेली कोंबडी पळत नाही, दोन्ही पंखांवरून हात घालून अलगद उचलायची. लस घ्यायची ती थंड डब्यातून आणून लगेच द्यायची, उगाच फिरवत राहू नका. बॅटरी कुणाला तरी धरायला सांगा, उजेड जमिनीकडे ठेवायला लावा. मी एकदा एकटाच होतो म्हणून ती तोंडात धरली, दुसरी कोंबडी उचलली आणि ती पंख फडफडवत सरळ माझ्या तोंडावर आली, बॅटरी घशाकडे आणि कोंबडी डोक्यावर. घरातून बाहेर कुणी आलं नाही, सगळे खिडकीतून बघत होते.